नाव घेऊन दिलेलं सोनं

बाजरी कापून झाली की रानाचा आवाज बदलतो. कणसं उभी असतात तोवर वारा त्यांच्यात अडखळतो, कुजबुजतो. कापणी झाली की तोच वारा धसकटांवरून सुसाट येतो आणि विचारल्याशिवाय घरात शिरतो. त्याच्याबरोबर बाजरीची कूस येते, मानेला खाजते. सारवलेल्या खळ्याचा वास येतो. दारणा नदीचं पाणी गढूळपणा सोडून निवळायला लागतं, आणि टेकडीवरून खाली पाहिलं की खुरासणीचे पिवळे पट्टे दिसतात. माझं वय झालं, लांबचं धड दिसत नाही, पण तो पिवळा रंग अजून दिसतो. दिसत नसला तरी दिसतो म्हणेन. आश्विन आला हे मला पंचांगानं सांगावं लागत नाही.

यंदाचा आश्विन मात्र माझ्याशी भांडायलाच आलाय.

उद्या दसरा. आमच्या टेकवाडीची रीत अशी, की दसऱ्याला दिवस कलला म्हणजे सगळे गडी देवाची काठी घेऊन टेकडीखालच्या कडुनिंबापाशी जातात. शेजारची गावं आपापल्या काठ्या घेऊन तिथं येतात. मग गावातलं सगळ्यात वडील माणूस आपली शीव ओलांडून पुढं होतं, आपट्याचं पान पुढं धरतं आणि मोठ्यानं म्हणतं, अमक्या गावाचं सोनं तमक्या गावाला. समोरच्यानं पान घेतलं, उलट नाव घेतलं, की झालं. मग वर्षभर लग्नाची अक्षत असो की जत्रेचं आवतण असो, त्या गावाचं नाव वगळता येत नाही. टेकवाडीतलं वडील माणूस आता मी आहे.

आणि परवा माझा धाकटा मुलगा विष्णू येऊन सांगतो, "दादा, यंदा आमची काठी येगळी राहील."

विष्णू आणि त्याच्यासारखी बरीच घरं पाटाच्या पलीकडं राहायला गेली. पाणी तिथं, मळे तिथं, मग चुलीही तिथंच गेल्या. आम्ही तिला पाटाकडची वस्ती म्हणतो. त्यांनी मारुती बसवला तेव्हा मी नारळ दिला. होळी वेगळी केली तेव्हा बोललो नाही. आता म्हणतात, आम्ही गाव. नाव काय, तर आनंदनगर.

"नगर?" मी म्हटलं. "माणसं कमी न् कोंबड्या जास्त, आणि नगर?"

"तुमी दसऱ्याला निंबापाशी आमचं नाव घ्या, दादा. तुमी घेतलं की बाकीची गावं घेतील. तुमीच नाय घेतलं, तर कोण घेणार हाय?"

"मी येणारच नाही."

तो उठून गेला. चहा न पिता गेला. आमची मंडळी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं भरलेला कप उचलला, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्यापरीस केरूपाटील बरे."

एवढंच बोलली. पण त्या एवढ्यानं मला उचलून बत्तीस सालात नेऊन टाकलं.

बत्तीस साली टेकवाडी नव्हती. म्हणजे टेकडी होती, घरं होती, आम्ही होतो, गाव नव्हतं. फार पूर्वी दारणेच्या एका पुरात सावरठाण गावातली नदीकडची आळी वाहून गेली, तेव्हा आमचे वाडवडील उरलंसुरलं घेऊन ओहोळ ओलांडून टेकडीवर चढले आणि तिथंच राहिले. माझा जन्म टेकडीवरचा. पण सावरठाणात आम्ही फक्त टेकाडावरचे. शाळा सावरठाणात होती. मास्तर तिथल्या पोरांना नावानं हाक मारायचे आणि आम्हाला म्हणायचे, "ए टेकाडावरच्या." दुसरीत असताना मी पाटी तिथंच ठेवली आणि घरी आलो. बानं झोडपलं, तरी परत गेलो नाही. माझं शिक्षण तेवढंच. लिहिता येतं, ऱ्हस्व-दीर्घ नात बघते.

त्या वर्षी घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. पूर्वेला दोनवडी म्हणून गाव आहे, तिथल्या सखारामबुवांची मुलगी. यमुना. मी तिला एकदाच पाहिली होती, मचाणावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकताना. तिचा दगड माझ्या कानाजवळून गेला. मुद्दाम मारला की चुकून, हे ती अजून सांगत नाही.

सखारामबुवा आमच्याकडं आले, भाकरी खाल्ली, बैल पाहिले, रान पाहिलं. सगळं पसंत. उठताना म्हणाले, "पोर देतो. पन दिली कुठं म्हनून सांगू? सावरठाण सांगतो, निवृत्ती. म्हंजे कोनी काय इचारायचं नाय."

"टेकवाडी सांगा," मी म्हटलं.

"आरं, टेकवाडी हाय कुठं? कोनी नाव तरी घेतं का तिचं?"

"मग तुम्ही घ्या."

"मी एकट्यानं घिऊन काय हुतंय? आमचं गाव घेईल तवा घेईन."

"तर मग तेव्हाच द्या मुलगी."

सखारामबुवांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. "बरं. तवर बस टेकाडावर, पाखरं हाकीत," म्हणाले आणि चालू लागले.

मला वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर बाजरी कापताना मी कोणाशी बोललो नाही, आणि माझ्या ओळीतली कणसं सगळ्यांच्या आधी संपली.

नवरात्रात उस्मानचाचा यायचे. देवळाली कॅम्पाच्या बाजारात त्यांचं कल्हईचं दुकान होतं, पण दसरा-दिवाळीच्या आधी ते तट्टावर भाता लादून वस्त्यावस्त्यांनी फिरायचे. आमच्या अंगणात ते खड्डा करून कोळसे पेटवायचे आणि बायका घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी आणून पुढं मांडायच्या. भात्याचा तो भस्स-भस्स आवाज, नवसागराचा नाकात झोंबणारा पांढरा धूर, आणि मग कापसाचा बोळा एकदा गोल फिरला की काळ्या पातेल्याच्या पोटात चांदणं पडल्यासारखं कथील पसरायचं. आता सगळ्या घरांत स्टीलची भांडी. चकचकीत असतात, पण त्यांना कोणी हात लावून चकचकीत केलेलं नसतं.

चाचा पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीत बसऱ्याला जाऊन आलेले. त्या मुलखाला आता इराक म्हणतात. आम्ही सगळे बसराच म्हणायचो. त्या वर्षी तट्टावरून उतरायच्या आधीच ते ओरडले, "ओ भाऊ! बसरा आझाद झाला!"

"कोनी सांगितलं?" बानं विचारलं.

"कॅम्पात पेपर वाचत होते. तिकडं थंड मुलखात सगळ्या देशांची पंचायत बसते. हर देशाला एक खुर्ची. बसऱ्याचं नाव पुकारलं, समद्यांनी हो म्हटलं, बसवला खुर्चीवर. बस! आता तो देश."

"आणि कालपर्यंत काय होता?"

"कालपर्यंत इंग्रजाच्या हाताखाली."

"मग इंग्रजानं सोडला कसा?"

"सोडला काय, इंग्रजानंच हात धरून पंचायतीत नेला. म्हणाला, हा आता आपल्या पायावर उभा हाय, ह्याला जागा द्या. पण त्याची विमानं अजून तिथंच उभी हायत म्हणतात." चाचांनी भात्याला दोन दाब दिले. "इंग्रज असा अर्धाच उठतो."

बा पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "आपली खुर्ची हाय का त्या पंचायतीत?"

"हाय ना! पैल्यापासून हाय. पण तिच्यावर बसतो कोण? सायबानं धाडलेला."

ऐकून मी चक्रावलो. त्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात स्वराज्य मागणारी माणसं दाटीवाटीनं भरली होती, आणि तिकडं लांब आपल्या नावाची खुर्ची मांडलेली! खुर्ची आहे पण आपण नाही. बसरावाल्यांचं म्हणाल तर ते स्वतः बसलेत, पण डोक्यावर इंग्रजाचं विमान. मी म्हटलं, "चाचा, मग खरा देश कोणता?"

चाचांनी चिमट्यात धरलेलं पातेलं माझ्यापुढं केलं. अर्धं काळं, अर्धं लखलखीत. "हे पातेलं कोणी केलं? मी? नाय. हे तांबटानं घडवलं, तवाच पातेलं झालं. माझी कल्हई काय पातेलं बनवत नाय. पण बिगरकल्हईच्या भांड्यात ताक ठेवतील का तुझ्या घरात?"

"नाही."

"मग? भांडं तू आधीपासून हायस रे. पण दुसऱ्यांनी त्यात जेवायला पायजे ना."

मी विचारलं, बसरा आझाद झाला यात तुम्हाला एवढा आनंद कशाचा? तर म्हणाले, तिथं तापानं पडलो होतो. नदीकाठची एक म्हातारी रोज खजूर आणि रोटी आणून उशाशी ठेवायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. "नाव पण विचारलं नाय तिचं. आता निदान तिच्या मुलखाला तरी नाव झालं," असं म्हणून ते पुन्हा भात्याकडं वळले. धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसत होते. नवसागराचा धूर कधी डोळ्यांत जातो कधी नाही, ते मला माहीत आहे.

बाच्या मनात मात्र त्या बोलण्यानं काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या घरांतले गडी गोळा केले आणि दारणेच्या पात्रातून एक उभा दगड गाडीत घालून आणला. टेकडीखाली, निंबापासून हाकेच्या अंतरावर आम्ही तो रोवला, शेंदूर लावला. टेकवाडीची शीव! मी त्या दगडाभोवती किती वेळ उगाच फिरत होतो.

दसऱ्याला ऊन कलल्यावर आम्ही आमची काठी घेऊन निघालो. नवं फडकं, झेंडूची माळ. दगडापाशी आलो आणि रांगेनं उभे राहिलो. समोर निंबाखाली पश्चिमेकडून सावरठाणाची माणसं आली. पुढं केरूपाटील, थोराड, पांढऱ्या मिशांचे. पूर्वेकडून दोनवडी आली, त्यांच्यात सखारामबुवा. त्या दोन गावांनी रीतीप्रमाणं एकमेकांचं नाव घेऊन सोनं दिलं. मग सगळे आमच्याकडं बघायला लागले.

आम्ही दगडामागं उभे. छाती काढून उभे. आमचं म्हणणं, आता आमची शीव झाली, आता तुम्ही या आणि आमचं नाव घ्या. दोनवडीवाले केरूपाटलांकडं बघत होते. पाटील काठीवर दोन्ही हात ठेवून कुठंतरी लांब बघत होते. कोणी हलेना. बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. माझ्या हातातलं आपट्याचं पान घामानं ओलं झालं.

रस्त्यावर उस्मानचाचा तट्टू धरून उभे होते. ते एकदम हसले. मोठ्यानं हसले. "अरे टेकवाडीवाल्यांनो! आज सण कशाचा हाय? शीव वलांडायचा! आणि तुम्ही तर शिवेला मिठी मारून बसले!"

लोक हसले. मी रागानं लाल झालो. मी बाला म्हटलं, "आपण हलायचं नाही. आपण का जायचं?"

बा माझ्याकडं वळून म्हणाले, "शीव नसती तर वलांडली काय असती, निवृत्ती?" आणि दगडाला हात लावून ते पुढं निघाले.

मला वाटलं, दोनवडीकडं जातील. माझं लग्न तिथं अडलेलं. पण बा सरळ केरूपाटलांसमोर जाऊन उभे राहिले. पान पुढं धरलं. असा आवाज मी बाचा कधी ऐकला नव्हता.

"टेकवाडीचं सोनं, सावरठाणाला!"

केरूपाटील पानाकडं बघत राहिले. दसऱ्याचं सोनं परत लावायची रीत आमच्याकडं नाही; वैऱ्यानं दिलं तरी घेतात. आणि घ्यायचं तर देणारा कोण, हे कबूल करूनच घ्यावं लागतं.

"रंगा," पाटील म्हणाले, "पुरात तुझ्या बाला मी खांद्यावर घिऊन टेकाडावर चढिवला हुता. आन् आज तू मला शिवेवर भेटतोस?"

"तुमीच चढिवलं, पाटील. म्हनून पैलं सोनं तुमाला."

पाटलांनी पान घेतलं. कपाळाला लावलं. मग स्वतःच्या पागोट्यातलं पान काढलं. "सावरठाणाचं सोनं..." म्हणाले आणि थांबले. खाकरले. मिशीवरून हात फिरवला. "नाव तोंडात बसंना रं," हळूच बाला म्हणाले. आणि मग एकदम, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं, "टेकवाडीला!"

पुढं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. वाजंत्री सुरू झाली. दोनवडीवाल्यांची नुसती झुंबड उडाली. सखारामबुवांनी गर्दीतून हात काढून पान माझ्याच हातात कोंबलं आणि म्हणाले, "दोनवडीचं सोनं टेकवाडीला! घे! आन् उतर आता टेकाडावरून, पाखरं उडाली!"

तुळशीचं लग्न लागलं आणि मग आमचं. टेकवाडीचं नाव घेऊन.

सरकारला आम्ही गाव आहोत हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर पोलीसपाटील सावरठाणाचाच, आणि उन्हाळ्यात आमची गुरं पाण्याला सावरठाणाच्या तळ्यावरच. इंग्रजाची विमानं जशी बसऱ्यात उभी होती, तसं आमचंही बरंच काही पलीकडं राहिलं होतं. पण त्या दिवसानंतर मला कोणी टेकाडावरचा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

सत्तेचाळीस साली आपलं स्वराज्य झालं. आपल्या खुर्चीवर आपलं माणूस बसायला लागलं. चाचा तेव्हा थकले होते, कल्हई सोडली होती. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "झालं रे पातेलं लखलखीत." मग जरा वेळानं, "आता नीट वापरा."

मागं एकदा रेडिओवर बातमी आली की आफ्रिकेतला कुठलासा देश स्वतंत्र झाला, आणि कोणकोणत्या देशांनी त्याला मान्यता दिली ती नावं बाई वाचत होती. माझी नात नाशिकला कॉलेजात असते, तिला मी विचारलं, देश व्हायला काय लागतं गं? तिनं सांगितलं, जमीन लागते, माणसं लागतात, कारभार लागतो आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करायची ताकद लागते. मी म्हटलं, पुस्तक बरोबर आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी आमच्याकडं कधीच्या होत्या. चौथी बानं त्या दिवशी निंबाखाली केली. आम्हाला वाटत होतं मान्यता घ्यायची असते. बा ती द्यायला गेले. हातात पान घेऊन जो दुसऱ्याच्या दारी उभा राहतो, त्याला तू नाहीस असं कसं म्हणणार?

आणि ज्यानं खांद्यावरून वाहून नेलं त्याला किती जड जात असेल, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मला केरूपाटलांचं ते खाकरणं म्हणजे खोड वाटली होती. विष्णूला मी खांद्यावर घेऊन निंबापाशी नेलेलं आहे. लहानपणी तो माझ्या पागोट्यातली पानं ओढायचा. तोच आता शिवेपलीकडून येऊन म्हणतो, माझं नाव घ्या. घसा बसतो हो. खोड नसते ती.

काल विष्णूच्या पोरांनी पाटाच्या अलीकडं दगड रोवला. मी टेकडीवरून पाहिलं. दगड तिरका बसलाय. पोरं त्याच्याभोवती उगाच फिरत होती. उद्या ती सगळी त्या दगडामागं छाती काढून उभी राहणार, आणि कोणीतरी येईल म्हणून वाट बघणार, मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना हसून सांगायला उस्मानचाचा आता नाहीत. मी हसणार नाही. माझ्यानं व्हायचं नाही ते. पण केरूपाटील निदान निंबापाशी आले तरी होते, मी तर येणारच नाही म्हणालो होतो. आता मी त्यांच्यापुढं चार पावलं जाणार आहे. आमची शीव ओलांडून मीच आधी त्यांच्या दगडापाशी जाईन. तिरका बसलाय हेही सांगेन.

आज सकाळी आपट्याची फांदी आली. त्यातलं मोठंसं, न फाटलेलं पान निवडून मी बाजूला ठेवलं आणि गोठ्यात गेलो. तिथं गाईशिवाय कोणी नव्हतं. उद्याचे शब्द म्हणून पाहिले. "टेकवाडीचं सोनं" इथवर सरळ येतं. पुढं अडतं.

"कोणाशी बोलताय?" दारातून हिचा आवाज आला.

"गाईशी."

"काय म्हणते?"

"नाव बरं नाही म्हणते. आनंद काय, नगर काय."

"टेकवाडी तरी कुठं लय मोठं नाव होतं," ती म्हणाली. "माझ्या बापानं घेतलंच ना?"

ती गेली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली, त्या मचाणावर उभी होती तशीच, नेम धरल्यासारखी.

मग मी परत म्हटलं. ती ऐकत होती म्हणून मोठ्यानं म्हटलं.

"टेकवाडीचं सोनं, आनंदनगराला."

गाईनं मान वर केली. ही म्हणाली, "उद्या जरा आणखी जोरात. विष्णू लांब उभा राहील."